जुनी स्प्लेंडर स्टार्ट होत नाहीये? किका मारणं थांबवा आणि आधी प्लग काढा

गावच्या घरी पडवीत नाहीतर गोठ्याच्या कडेला एक जुनी हिरो होंडा उभी असतेच. चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात येतो, ताडपत्री काढतो आणि घामाघूम होईपर्यंत किका मारतो. तेवढ्यात कोणीतरी येऊन "बोर गेला रे हिचा" असं सांगून जातं आणि आपण मनातल्या मनात चार-पाच हजाराचा खर्च धरून बसतो. खरं सांगायचं तर उभ्या राहिलेल्या गाडीत बोर, म्हणजे पिस्टन चालतो तो इंजिनचा सिलिंडर, सगळ्यात शेवटी बघायचा, बहुतेक वेळा काम प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकतो तो), जुनं पेट्रोल नाहीतर एखाद्या वायरवरच मिटतं.

मी इथे सांगतोय ते जुन्या कार्बोरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) स्प्लेंडरचं, म्हणजे १९९४ पासून आलेली ९७.२ सीसीची, पण सीडी १०० आणि पॅशनला पण जवळपास सगळं तसंच लागू आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत इंजेक्टर आहे, त्यांचं प्रकरण वेगळं, त्यांना हे लावू नका.

हत्यारं फार लागत नाहीत. १६ नंबरचा प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पॉलिश पेपरचा तुकडा, थोडं ताजं पेट्रोल आणि एक पारदर्शक बाटली. गाडी उघड्यावर घ्या, बिडी-सिगरेट लांब ठेवा आणि टाकीत पेट्रोल किती आहे ते लायटर पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणून सांगतो, मोबाईलचा टॉर्च वापरा.

सुरुवातीला फुकटातल्या गोष्टी. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू आहे का, ऑनवर पेट्रोल येत नसेल तर रिझर्व्हला लावून बघा, न्यूट्रल आहे का, किल्ली पूर्ण फिरली का. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या डब्यात पण बघा. बंद गाडीत कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि उंदीर फिल्टरमध्ये बिऱ्हाड थाटतो, आणि उंदीर आला म्हणजे वायरी कुरतडल्या असणारच, तेव्हा तिथेच सीटखाली पण एक नजर टाका.

हॉर्न वाजत नाही म्हणून बॅटरीच्या मागे लागू नका. या जुन्या किकवाल्या स्प्लेंडरमध्ये स्पार्कचा करंट बॅटरीतून येत नाही, इंजिनसोबत फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉईलमधून थेट सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला, जातो, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असली तरी गाडी किकवर चालू व्हायला पाहिजे. सेल्फवाल्या बऱ्याच नंतरच्या गाड्यांत मात्र सीडीआय बॅटरीवर चालतो, तिथे आधी बॅटरीच बघायची.

आता मुख्य काम. चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी खिट्टी) ओढून पाच-सहा किका मारा आणि लगेच प्लग काढा. प्लग ओला आहे की कोरडा, पुढचा सगळा रस्ता यावरच ठरतो. ओला म्हणजे पेट्रोल येतंय, मग दोष स्पार्कमध्ये आहे नाहीतर पेट्रोल जास्त झालंय. कोरडा म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये. हे न बघता कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसू नका, एकदा एअर स्क्रूची, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूची, सेटिंग घालवली की एकाचे दोन प्रॉब्लेम होतात.

प्लग ओला निघाला तर पुसा, काळा कचरा पॉलिश पेपरने काढा, टोकाच्या दोन धातूंमधला गॅप बघा. ०.६ ते ०.७ मिमी पाहिजे. मग प्लग कॅपमध्ये (वायरच्या टोकाची टोपी) बसवा आणि त्याचे आटे हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, उघड्या धातूला टेकवून किक मारा. दोन गोष्टी इथे सांभाळायच्या. एक म्हणजे प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा, त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडू शकतो. दुसरं, प्लग बॉडीला टेकलेला नसताना किक मारू नका, करंटला जायला वाट मिळाली नाही तर सीडीआय उडायची भीती असते, आणि धातूला हात लावून धराल तर झटका कायम लक्षात राहील.

ठिणगी निळी आणि कडक पाहिजे, चटचट आवाज येतो. पिवळट लालसर आणि मधेच गायब होणारी असेल तर आधी नवीन प्लग लावून बघा, स्वस्तातली वस्तू आहे, एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये असलेला बरा. तरी तेच असेल तर प्लगची कॅप वायरवरून फिरवून काढा, वायरचं टोक हिरवं पडलेलं दिसलं तर थोडंसं कापून कॅप परत घट्ट फिरवा. पावसाळ्यात किंवा गाडी प्रेशरने धुतल्यावर बंद पडली असेल तर बहुतेक पाणी इथेच शिरलेलं असतं, कॅप कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा.

ठिणगी अजिबातच नसेल तर नवा कॉईल घ्यायला पळू नका, आधी किल्लीचा स्विच तपासा. या गाडीत किल्ली बंद केली की स्विच सीडीआयची एक वायर अर्थला जोडतो आणि स्पार्क मरतो, किल्ली चालू केली की ती जोडणी तुटते. म्हणजे स्विच आतून झिजला, त्यात पाणी गेलं किंवा हेडलाईटच्या मागे ती वायर सोलून बॉडीला लागली, की किल्ली चालू असून पण गाडीच्या दृष्टीने ती बंदच. जुन्या स्प्लेंडरला कोणाचीही किल्ली लागते हा विनोद सगळ्यांनी ऐकलाय, स्विचची तीच झीज इथे पण नडते. सीडीआय म्हणजे रबरात बसवलेला छोटा डबा, त्याच्याकडून स्विचकडे जाणारी काळ्यावर पांढरी पट्टी असलेली वायर असते, तिचा जोड तात्पुरता सोडवा आणि परत ठिणगी बघा. आली तर स्विच किंवा ती वायर दोषी. अशी गाडी किल्लीने बंद होणार नाही हे लक्षात ठेवा, ब्रेक दाबून गिअरमध्ये क्लच हळूच सोडून बंद करावी लागेल, आणि असं कायमचं ठेवू नका, चोराचं कामच सोपं होतं.

तरी ठिणगी नाही? मग शेजाऱ्याच्या चालू स्प्लेंडरचा सीडीआय मागून आणा आणि लावून बघा, कनेक्टर आणि वायरींची संख्या तीच आहे ना ते आधी बघून. ही गाडी गल्लोगल्ली आहे त्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. सीडीआयने पण फरक पडला नाही तर मॅग्नेटमधली कॉईल किंवा पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉईल) बिघडलीय, आणि हे काम मात्र मेकॅनिककडे द्या, मीटर लावून तपासायचं असतं.

स्पार्क मस्त आहे पण प्लग प्रत्येक वेळी भिजून निघतोय, म्हणजे गाडी ओव्हर झाली. कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका मारा म्हणजे आतलं पेट्रोल उडून जाईल, मात्र कॅपमधला प्लग तेव्हा पण बॉडीला, भोकापासून लांब टेकलेला पाहिजे. नंतर कोरडा प्लग लावून, अ‍ॅक्सिलेटर थोडा देऊन मारा. सारखं होत असेल तर कार्बोरेटरच्या फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल ठराविक पातळीला थांबवणारा तरंगता भाग) सुई अडकलीय, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर नक्कीच. अशा वेळी ऑइलची दांडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा ते पातळ होऊन लेव्हल वाढली असेल तर गाडी चालू करायचीच नाही, ऑइल बदलून मग पुढे.

आता प्लग कोरडा असेल तर. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, जुनं पेट्रोल वार्निशसारखा आंबूस वास मारतं. आत्ता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कोकणात किंवा घाटावरच्या पावसात चार-सहा महिने उभी राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साठणं हे नेहमीचंच झालंय, वर जुन्या रबरी नळ्या पण त्याने फुगतात. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो तो सैल करा आणि येईल ते बाटलीत धरा. काहीच येत नसेल तर कॉकची जाळी किंवा नळी चोंदलीय. थोडं येऊन थांबलं तर टाकीचं झाकण उघडं ठेवून परत बघा, धार लागली तर झाकणातलं हवेचं भोक बंद आहे, गाडी चालू होऊन थोड्या अंतरावर मरते त्याचं पण हेच कारण असू शकतं. बाटलीत तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी, मग टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल टाका.

ताजं पेट्रोल येतंय तरी प्लग कोरडाच, किंवा गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, म्हणजे स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) बंद. वाटी उघडून जेट काढा, कार्ब क्लीनर मारा आणि हवा भरायच्या पंपाने फुंका, जाड तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज गेलं. फार तर वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू चालेल. एअर स्क्रू काढायचाच असेल तर आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करत किती आटे फिरला ते लिहून ठेवा, परत बसवताना तेवढाच उघडायचा.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी ढिम्म? आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने तयार होणारा दाब. काढलेला प्लग कॅपमध्येच राहू दे, तो बॉडीला टेकवून ठेवा, प्लगच्या भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा फट्कन उडाला पाहिजे. किक अगदी हलकी जात असेल तर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत बघा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा). पण व्हॉल्व्ह म्हटलं म्हणून लगेच हेड खोलायची घाई नको, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) फार टाईट असले तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. इंजिन गार असताना दोन्ही टॅपेटना ०.०५ मिमी गॅप लागतो, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून मॅग्नेटवरची टी खूण जुळवायची आणि फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट करायचा. गेज नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, तो पंधरा मिनिटांत करतो. गाडी गार असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर होत नाही, या तक्रारीत पण आधी टॅपेट बघतात, मग कॉईल.

धक्का मारून चालू करायची असेल तर दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा आणि सोडा, पण ठिणगी बघितल्याशिवाय नको, नुसताच दम लागतो.

चालू झाली की लगेच रेस करू नका, पाच मिनिटं आरामात चालू द्या, ऑइल वर्षभर जुनं असेल तर त्याच दिवशी बदला. आणि परत मुंबईला निघताना कॉक बंद करून गाडी चालूच ठेवा, वाटीतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल, मग किल्ली काढा, म्हणजे पुढच्या खेपेला जेट उघडायची वेळ येणार नाही.