मानवी हक्क संघटनेत काम करायचंय? आधी ओळखपत्राचा नाद सोडा

तालुक्याच्या कुठल्याही गावात गाडीच्या काचेवर एक स्टिकर दिसतोच. लाल-निळे पट्टे, मोठ्या अक्षरांत ‘मानवाधिकार’, त्याखाली ‘जिल्हाध्यक्ष’. मानवी हक्कांसाठी काही करावं असं वाटणाऱ्या माणसाची पहिली गाठ बऱ्याचदा याच मंडळींशी पडते. शुल्क भरा, फोटो द्या, आठवड्यात ओळखपत्र, नेमणूकपत्र आणि हार घालून सत्कार. पुढे काम विचारलंत तर उत्तर येतं, ‘तुम्ही आधी दहा सभासद करा.’ म्हणून सुरुवात काम कसं करायचं यापासून न करता कुणाबरोबर करायचं यापासून करू.

पायरी पहिली: संघटना तपासून घ्या

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हा १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेला सरकारी आयोग आहे. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर आहे. हे दोन्ही आयोग कुणाला जिल्हाध्यक्ष, तालुका निरीक्षक वगैरे नेमत नाहीत. आयोगाशी मिळतंजुळतं नाव घेऊन फिरणाऱ्या संस्थांपासून सावध राहा, असं खुद्द राष्ट्रीय आयोगानं सांगितलेलं आहे. ओळखपत्रावर अशोकस्तंभ छापलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. राजमुद्रेच्या अशा वापराला २००५च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा मोडून छापलेलं कार्ड खिशात घेऊन तुम्ही पोलिस ठाण्यात हक्कांची भाषा करणार, हे हास्यास्पदच.

ट्रस्ट म्हणून नोंदणी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद सापडते. पण नोंदणीवर फार विसंबू नका. नोंदणी असूनही काहीच न करणाऱ्या संस्था ढिगानं आहेत. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी कुठली प्रकरणं हाताळली? एखाद्या सत्यशोधनाचा, म्हणजे घटनेच्या जागी जाऊन केलेल्या चौकशीचा, अहवाल वाचायला मिळेल का? पैसे कुठून येतात? ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे ते या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट तुमच्या हातात चार फायली ठेवतात.

खऱ्या कामाची परंपरा इथं मोठी आहे. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं १९७६मध्ये, ऐन आणीबाणीत, स्थापन झालेली पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) ही नागरी हक्कांची संघटना सभासदांच्या वर्गणीवर चालते. ठाणे-पालघर पट्ट्यात वीटभट्टीवरच्या वेठबिगारांसाठी श्रमजीवी संघटनेनं, रायगडात कातकऱ्यांच्या जमिनींसाठी सर्वहारा जनआंदोलनानं, मराठवाड्यात दलितांच्या गायरान जमिनींसाठी एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं काम उभं केलं. यातल्या प्रत्येकाची राजकीय बाजू तुम्हाला पटेलच असं नाही. पटण्याची गरजही नाही. आधी काम पाहा.

जवळपास अशी संघटना नसेल तर आणखी एक वाट आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सामान्य नागरिकांतून विधी स्वयंसेवक निवडतं, त्यांना प्रशिक्षण देतं आणि नेमलेल्या दिवसाचं मानधनही देतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं. तिथं जाऊन पुढची निवड कधी आहे एवढं विचारा. चळवळीची धग तिथं मिळणार नाही, पण कागद कसा चालतो ते शिकायला मिळतं.

पायरी दुसरी: आपला वेळ खरा सांगा

‘जमेल तसं येईन’ म्हणणारा स्वयंसेवक कुणाच्याच उपयोगी पडत नाही. दर शनिवारी दुपारी तीन तास, एवढंच सांगा आणि ते पाळा. नोकरी सरकारी असेल तर सेवेचे वर्तणूक नियम आधी वाचा. संघटनेच्या पत्रकावर सही करणं तुम्हाला अडचणीचं ठरू शकतं, पण मोडी वाचता येत असेल तर जुना दस्त उलगडून द्यायला कुणाची हरकत नसते. टायपिंग, हिशेब, गोंडी किंवा पावरी बोलता येणं, दुचाकी असणं, हे सगळं इथं भांडवल आहे. भाषण करता येणं हे त्या मानानं शेवटी येतं.

पायरी तिसरी: सुरुवातीला फक्त फायली

नव्या माणसाला मोर्चा हवा असतो, कार्यालय त्याला कपाट दाखवतं. कंटाळू नका. जुनी दोन-तीन प्रकरणं पहिल्या अर्जापासून शेवटच्या पत्रापर्यंत सलग वाचून काढा. प्रकरण कुठं अडलं, कुठं जिंकलं, हे तारखांवरून कळतं. अर्ज दिला पण पोच घेतली नाही, स्थळप्रत ठेवली नाही, अपिलाची मुदत टळली. हरलेल्या प्रकरणांत बहुतेक वेळा असंच काहीतरी सापडतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची बाजू खरी असूनही.

लहान नोंद किती लांब जाते त्याचं एक उदाहरण प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगावं असं आहे. १९८२च्या एशियाडसाठी दिल्लीत मोठी बांधकामं सुरू होती. पीयूडीआर (पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स) या संघटनेनं तीन समाजशास्त्रज्ञांना तिथल्या मजुरांची स्थिती पाहायला पाठवलं. त्यांनी जे टिपलं त्यात एक बाब अशी होती: किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे, पण मधला जमादार प्रत्येकाकडून रोज एक रुपया कापून घेतो. त्या अहवालाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना पत्र गेलं, पत्रालाच याचिका मानलं गेलं, आणि सप्टेंबर १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३नुसार वेठबिगारीच आहे. ‘मजुरांचं शोषण होतं’ एवढंच कुणी लिहिलं असतं तर कोर्टाच्या हाती काय लागलं असतं?

पायरी चौथी: माणसाचं म्हणणं लिहून घ्या

खरं कसब इथं लागतं. समोर बसलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला सगळं एकदम सांगायचं असतं, किंवा काहीच सांगायचं नसतं. पहिल्यांदा वही मिटूनच ऐका. पाणी द्या. मग विचारा की हे लिहून घेतलं तर चालेल का, आणि कुणाकुणाला दाखवलेलं चालेल. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत सर्वांत वर लिहा.

समजा वीटभट्टीवरचं कातकरी जोडपं आलंय. ‘शेठनं लय त्रास दिला’ हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर तहसीलदार काही करू शकत नाही. उचल किती घेतली, कुणासमोर, हजार विटांमागे दर काय ठरला, आठवड्याला खर्ची किती मिळते, हिशेब कुणाच्या वहीत आहे, गावी जायला निघाल्यावर कोणी अडवलं आणि कोणत्या शब्दांत, हे सगळं हवं. तारीख विचारून उपयोग नसतो. ‘दिवाळीच्या आधी की नंतर?’, ‘त्या दिवशी बाजार होता का?’, ‘पोराची शाळा सुरू होती का?’ असं विचारत गेलं की तारीख जवळपास हाती लागते. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली मुक्ततेचं प्रमाणपत्र मिळवायचं तर याच तपशिलांवर सगळं उभं राहतं.

त्यांचे शब्द बदलू नका. बाई ‘मारलं’ म्हणाली असेल तर ‘अमानुष मारहाण केली’ असं लिहू नका. पुढे उलटतपासणीत तिला त्या ‘अमानुष’चा अर्थ विचारला जाईल. उत्तर सुचवणारे प्रश्नही टाळा. ‘पोलिसांनी मारलं ना?’ याऐवजी ‘आत गेल्यावर काय झालं?’ पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. शेवटी सगळं त्यांच्याच बोलीत वाचून दाखवा. त्या वेळी हमखास एक दुरुस्ती येते आणि बऱ्याचदा तीच महत्त्वाची असते.

मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढा, मूळ तिथल्या तिथे परत करा. आणि माणसाला निरुपयोगी वाटणारे कागदही पाहायला मागा. वनहक्काच्या दाव्यात वनखात्यानं कधीकाळी अतिक्रमणाबद्दल फाडलेली दंडाची पावती हाच तिथं शेती असल्याचा पुरावा ठरतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो, आणि ती पावती पत्र्याच्या पेटीत तळाशी कुठेतरी पडलेली असते.

दोन ठिकाणी मात्र वही बंदच ठेवा. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर तपशील खोदून काढणं तुमचं काम नाही. जाणत्या कार्यकर्तीकडे किंवा वकिलाकडे न्या. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुद्धा. आणि पीडित अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द आधीच देऊन बसू नका.

कुठलाच शब्द देऊ नका, खरं तर. ‘न्याय मिळवून देऊ’ हे वाक्य फलकावर शोभतं. समोरच्याला सांगा की उद्या अर्ज लिहू, त्याला उत्तर यायला साधारण इतके दिवस लागतात, आणि नाही आलं तर पुढे अमुक करू.

पायरी पाचवी: पोलिस ठाण्यात जाताना

रात्री फोन येतो, ‘भावाला उचललंय.’ एकटे जाऊ नका. दोघं जा, शक्य असेल तर एक वकील, आणि अटक झालेल्याचं कुणीतरी नातेवाईक सोबत असू द्या. ‘आम्ही मानवाधिकारवाले’ म्हणत आत शिरलात तर ठाणे अंमलदार आधी तुमची चौकशी करेल. ‘यांच्यासोबत आलोय’ एवढं पुरतं. आवाज चढवू नका, चढलेला आवाज त्या खोलीत त्यांना रोजच ऐकू येतो.

विचारायचं काय ते पक्कं असू द्या. अटक दाखवली आहे का, किती वाजता? अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही आहे का? नातेवाईकाला कळवलं का? वैद्यकीय तपासणी झाली का? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या डी. के. बसू निकालानं हे सगळं बंधनकारक केलं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) त्यातलं बरंचसं आलं आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायलाच हवं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेकडे मागता येतो. कोठडीतल्या माणसाला तो फुकट मिळण्याचा हक्क आहे.

तक्रार घेत नसतील तर वाद घालत बसण्यापेक्षा ती लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांना टपालानं पाठवा. याच संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तीच वाट सांगितली आहे, आणि तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय निघू नका. ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आहे, जा आता’ म्हणाले तर कलम कोणतं लावलं ते पाहा. अॅट्रॉसिटीचं प्रकरण एनसीत बसत नाही.

पायरी सहावी: अर्ज, अपील, आयोग

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लिहावा लागतो, शुल्क १० रुपये. ‘का’ विचारू नका, कागद मागा: स्टेशन डायरीची अमुक तारखेची नोंद, हजेरीपट, रेशन दुकानाचं साठा रजिस्टर. उत्तराला ३० दिवस, पण प्रश्न कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तास. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही. घटनेला वर्ष उलटलं की मात्र आयोग चौकशी करू शकत नाही. आणि आयोग जे देतो ती शिफारस असते, हे तक्रारदाराला पहिल्याच दिवशी सांगा; नाहीतर तो आदेश समजून दोन वर्षं वाट पाहत बसतो.

पायरी सातवी: सत्यशोधन

वर्षभर काम केल्याशिवाय सत्यशोधन समितीत जायचा हट्ट धरू नका. गेलात तर दोन्ही बाजूंना भेटायचं, तहसीलदार आणि ठाणेदारालाही. भेट नाकारली तर तेही अहवालात वेळेसह लिहायचं. गावात एका वस्तीत चहा घेतलात तर दुसऱ्या वस्तीत ते लगेच कळतं, तेव्हा कुठं उतरायचं आणि कुणाच्या गाडीतून जायचं ते आधी ठरवा. तुम्ही निघून आल्यावर साक्षीदार तिथंच राहणार असतो. त्याचं नाव अहवालात हवंच का, हा प्रश्न समितीत कुणीतरी विचारायला हवा, आणि कुणीच विचारत नसेल तर तुम्ही विचारा.

जोखीम तुमच्यावरही येते. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडे इथं जमिनींचे गैरव्यवहार उघडे करणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. वाळू, जमीन, ठेका अशा विषयांतला अर्ज एकट्याच्या नावानं आणि घरच्या पत्त्यानं देऊ नका. एकाच विषयावर तीन-चार जणांनी अर्ज करावेत, प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि कुठं चाललोय हे एका माणसाला ठाऊक असावं. प्रकरणाचे फोटो स्वतःच्या फेसबुकवर टाकू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

पायरी आठवी: थांबताना

बदली होते, बाळ होतं, परीक्षा येते, किंवा मन थकतं. तेव्हा फोन उचलणं बंद करून गायब होऊ नका. हातातल्या प्रत्येक प्रकरणाचं एक पान करा: पुढची तारीख, कुठल्या अपिलाची मुदत कधी संपते, कुठली पोच यायची बाकी आहे. नव्या माणसाला घेऊन तक्रारदाराच्या घरी जा आणि ओळख करून द्या. मोबाइलमधले जबाब आणि फोटो संघटनेच्या ताब्यात देऊन आपल्याकडचे पुसून टाका. एखादा मूळ कागद चुकून तुमच्याकडे राहिला असेल तर तो आधी परत करा, आणि मिळाल्याची सही घ्या.