आंतरविद्याशाखीय जीवविज्ञान संशोधन : या चुका टाळा

विद्यापीठ, नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था, व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), मेडिकल कॉलेज, एम्स हे सगळं एकाच शहरात असणं हे नागपूरचं मोठं भाग्य. तरीही एकत्र सुरू झालेले अनेक प्रकल्प अडतात ते दोन विषयांच्या सांध्यावर.

संख्याशास्त्राच्या सरांकडे शेवटी जाणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समजा, काटोलच्या बागेतली तीन निरोगी आणि तीन रोगट संत्र्याची झाडं निवडली, प्रत्येकाची दहा पानं तोडली आणि प्रबंधात दोन्ही गटांत एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = ३० लिहिलं. प्रत्यक्षात प्रत्येक गटात एन तीनच आहे, कारण एकाच झाडाची पानं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. पानं आधीच तोडून झाली असतील, तर झाडागणिक सरासरी काढा किंवा कोणतं पान कोणत्या झाडाचं, हे हिशेबात धरणारं संख्याशास्त्रीय मिश्र मॉडेल वापरा. मात्र तीसचा दावा सोडा. पुढच्या वेळी पानं कमी घ्या, झाडं जास्त.

बागायतदारालाही आधीच विचारा. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची जून-जुलैत. दोन्ही बहरांची झाडं एका गटात मिसळली, की दिसणारा फरक रोगाचा की बहराचा, हे संगणक सांगू शकत नाही. ही माहिती बांधावर फुकट मिळते आणि ती विचारायला कुणीच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रुग्ण सोमवारी, निरोगी शुक्रवारी

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या दिवशी, वेगळ्या किटवर चालवले, तर आजार आणि दिवस यांची गाठ पडते, म्हणजे दिसणारा फरक आजाराचा की दिवसाचा, ते कळत नाही. पीसीए आलेखातले (यात सारखे नमुने जवळजवळ दिसतात) ठिपके तारखेनुसार गोळा होत आहेत का, ते आधी बघा. गाठ पूर्ण असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर ती सोडवत नाही. दोन्ही गटांचे नमुने एकत्र मिसळून पुन्हा चालवावे लागतात. फेरचाचणीसाठी नमुन्याचा थोडा भाग राखून ठेवा, तो असा उपयोगी पडतो.

एक्सेलची तक्रार जुनी आहे. मार्च१ नावाच्या जनुकाची ते तारीख करून टाकतं. हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलली गेली. जुन्या याद्यांत मात्र ती तशीच आहेत. फाइल उघडताना तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या. फाइल सेव्ह झाली असेल तर नंतर फॉरमॅट बदलून नाव परत येत नाही, मूळ फाइलकडेच जावं लागतं. म्हणून मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही. शोधनिबंधावर कुणाचं नाव कुठे येणार, हेही दोन्ही गाइडसमोर पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

अहवाल घरी न पोहोचणं

नैतिक समितीची मंजुरी नमुने घेण्याआधीच हवी, मागाहून ती मिळत नाही. पण मंजुरी हातात आली म्हणून जबाबदारी संपत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं विश्वासाने रक्त देतात. दोघेही वाहक (सिकलसेलचं एकच जनुक असलेले) असलेल्या जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेल होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे आपल्या तक्त्यातली एक ओळ त्यांच्या घरातला मोठा निर्णय ठरू शकते. तीच ओळ गावात फुटली तर मुलीचं लग्न अडतं.

म्हणून संमतिपत्र मराठीत, आणि गरज असेल तिथे गोंडी किंवा माडियात समजावून सांगा. निकाल कोण सांगणार, कुठे, फक्त त्या व्यक्तीलाच की कसं, आणि समुपदेशन कोण करणार, हे प्रस्तावातच लिहा. विद्यार्थ्याची फेलोशिप संपल्यावर हे काम कोणत्या प्राध्यापकाकडे राहील, त्याचं नावही तिथेच हवं.