ऑर्किड कोमेजलं? आधी मुळं तपासा

घरी आणलेलं फॅलेनॉप्सिस (नर्सरीत सर्रास मिळणारं रुंद पानांचं ऑर्किड) दोन-तीन महिन्यांत मान टाकतं, तेव्हा बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. पानं सुरकुतली की आपण आणखी पाणी घालतो. पण कुजलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही. कुंडी ओली आणि झाड तहानलेलं! म्हणून पाणी मुळं बघून द्यावं. मूळ रुपेरी-पांढरं दिसलं तर कोरडं, हिरवं दिसलं तर अजून ओल आहे, थांबा.

शंका असेल तर झाड सरळ कुंडीबाहेर काढा. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांमध्ये अनेकदा ओल्या मॉसचा (शेवाळाचा) घट्ट गोळा असतो. वरून सगळं कोरडं दिसतं, आत मात्र ओल तशीच. तो गोळा चिमट्याने काढा. मग एकेक मूळ बोटांनी दाबून पाहा. टणक असेल तर रंग तपकिरी असला तरी राहू द्या. पिचपिचीत, ओढल्यावर साल निघून आतला दोराच उरणारं मूळ गॅसच्या ज्योतीवर धरून थंड केलेल्या कात्रीने कापा. कापलेल्या टोकालाच दालचिनीची पूड लावा. चांगल्या मुळांना ती सुकवते. एक दिवस झाड सावलीत उघडं ठेवा.

माती अजिबात नको. लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे निम्मे-निम्मे घ्या. सोडण आधी दोनदा रात्रभर भिजवून ते पाणी फेका, त्यात क्षार असतात. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच, बाजूंनाही भोकं असलेली. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी.

पावसाळ्यात फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा कुजतो. कुंडी पागोळ्यांखालून हलवा, पाणी सकाळीच द्या, बेचक्यातलं टिश्यूने टिपून घ्या.

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात असलेलं), लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्याला एकदा. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा.

पानं गडद हिरवी आणि फूल नाही, म्हणजे उजेड कमी. पूर्वेची खिडकी उत्तम. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटायला काही आठवडे गार रात्रीही लागतात, साधारण १८ अंशांच्या आसपास. पुणे-नाशिकच्या थंडीत ते जमतं, मुंबईत अवघड. तिथे नवख्यांनी ५० टक्के शेडनेटखाली डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किडच लावावं. त्याच्या पानं झडलेल्या कांड्या हिरव्या आणि टणक असतील तोवर कापू नका. त्यांच्यावरही फुलं येतात.