डिप्रेशन ग्लासचा जुना सेट कसा जुळवावा: सुरुवात ‘मॅड्रिड’पासून

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या कारखान्यांनी यंत्रावर, साच्यात दाबून स्वस्त रंगीत काचेची भांडी काढली. क्वेकर ओट्सच्या डब्यातून एखादी बशी निघायची, सिनेमाच्या तिकिटावर कप मिळायचा. हीच भांडी आज ‘डिप्रेशन ग्लास’ म्हणून हौसेने जमवली जातात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि घरगुती सामानाच्या विक्रीत सहज भेटतात. दिसेल ते घेत सुटलात, तर घरात नुसती सुटी भांडी साचतील. म्हणून आधी एक नक्षी आणि एकच रंग पक्का करा.

पहिल्या सेटसाठी मी ‘मॅड्रिड’ ही नक्षीच सुचवेन, तीही अंबर म्हणजे मधासारख्या पिवळसर तपकिरी रंगात. ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या फेडरल ग्लास कंपनीने ती १९३२ ते १९३९ या काळात बनवली. ताटल्या चौकोनी वळणाच्या, मध्ये शंकरपाळ्याचा आकार आणि भोवती जाळीदार वेलबुट्टी. अंबर भरपूर बनल्यामुळे तो मिळतोही आणि परवडतोही. हिरवा कमी सापडतो. गुलाबी आणि निळ्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

खरेदीआधी नकलांचा अभ्यास करा. ही पायरी गाळू नका, सगळे पैसे इथेच वाचतात. १९७६ मध्ये फेडरलनेच ही नक्षी ‘रिकलेक्शन’ नावाने अंबरमध्ये पुन्हा काढली. त्या भांड्यांवर नक्षीतच बारीक ‘७६’ असतो. भिंग घेऊन तो शोधा. पुढे साचे इंडियाना ग्लास या कंपनीकडे गेले, तो आकडा काढून टाकला गेला आणि गुलाबी, निळा असे रंग निघाले. जुना निळा मवाळ आहे, नवा भडक. जुन्या मेणबत्तीदाणीची खोबण आतून गुळगुळीत असते, नवीत मेणबत्ती घट्ट बसावी म्हणून उंचवटे असतात. ग्रिल प्लेटचे, म्हणजे खणांच्या ताटलीचे, कप्पेही मोजा: जुनीत तीन, नवीत दोन.

आता वस्तू हातात घ्या. कडेवरून बोट सावकाश फिरवा. डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लागतो. कपाचा कान आणि झाकणाची आतली कड विसरू नका. मग ताटली दिव्याखाली आडवी धरून तिरकी करा, म्हणजे सुरीचे चरे उठून दिसतील. थोडे चरे चालतात, ती जेवायचीच ताटली आहे. मात्र काचेवर पांढुरकी धूसर झाक असेल तर सोडून द्या, ती धुऊन जात नाही. ओल्या काचेवर ही झाक लपते, म्हणून भांडे कोरडे पुसूनच बघा. आतले बुडबुडे, साच्याची रेघ, किंचित लहरी हे दोष नव्हेत. घाईच्या उत्पादनाच्या त्या खुणा आहेत आणि मला त्या आवडतात.

अतिनील टॉर्चखाली काही हिरवी काच चमकते, कारण तिच्यात युरेनियम असते. पण तशी काच नंतरही बनली आहे, त्यामुळे चमक म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे.

घेण्याचा क्रमही ठरवून ठेवा. कप-बश्या सावकाश जमतात. साडेदहा इंची जेवणाची ताटली चांगल्या स्थितीत दिसली तर मात्र तेव्हाच घ्या. आधी चार जणांचा सेट पुरा करा. साखरदाणी, लोणीपात्र नंतर. अंबरची छटा घाण्यागणिक थोडी बदलते, म्हणून घरातली एक बशी सोबत न्या आणि शेजारी ठेवून पाहा.

वापर जरूर करा, पण कढत वरण थेट ओतू नका, अचानक तापलेली काच तडकते. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर वर्ज्य. ती धूसर झाक बहुधा डिशवॉशरमुळेच येते. कोमट पाण्यात, टबाच्या तळाशी टॉवेल घालून, एकेक भांडे हाताने धुवा. ताटल्यांमध्ये कागदी नॅपकिन ठेवा आणि कप एकात एक रचू नका, कान तिथेच तुटतात.