नाइहांचीतलं कोपर नीट कसं मारावं

कराटेतल्या नाइहांची शोदान या कात्याचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचा, क्रम तुम्हाला पाठ आहे असं धरून चालतो. शोतोकान या कराटेच्या शैलीतले लोक याच कात्याला तेक्की म्हणतात. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांनी ओकिनावाहून जपानात गेल्यावर कात्यांची नावं बदलली, कोपर मात्र तेच राहिलं. जाता जाता सांगतो, शोतोकानमधल्या एनपी या कात्याचा कोपराशी संबंध नाही. त्या नावाचा अर्थ उडती पाकोळी. कोपराच्या फटक्याला म्हणतात ते एनपी वेगळ्या चिन्हांनी लिहितात, त्याचा अर्थ माकडाचा हात.

मान उजवीकडे. डावा पाय पुढून ओलांडा, उजवा बाजूला टाका, उजवा पंजा उघडा ठेवून बाहेर काढा. इथवर कोणाचं फारसं चुकत नाही.

आता डावं कोपर उजव्या तळव्यावर. इथे माझं दीड वर्ष वाया गेलं. ‘खांदा सैल सोड’ एवढंच मला सांगत राहिले आणि मी सैल सोडायच्या नादात तो आणखी आवळत राहिलो. सांगून खांदा सैल पडत नसतो! तो कानाशी चढतो, कारण कंबर वळलेली नसते आणि राहिलेलं अंतर खांदा भरून काढतो. कंबर का वळत नाही? डावा गुडघा आत कोसळलेला असतो म्हणून. गुडघा गेला की कमरेला फिरायला आधारच उरत नाही.

तेव्हा खालून दुरुस्त करा. नाइहांचीच्या पवित्र्यात उभे राहा आणि डाव्या गुडघ्याला बाहेरून एक स्टूल जेमतेम टेकवून ठेवा. आता हात कमरेवर ठेवून फक्त धड उजवीकडे वळवा. गुडघा आणि स्टूल यांच्यात फट दिसली की परत सुरुवातीपासून. फट न पडता वीस वेळा जमेपर्यंत कोपर उचलायचंच नाही. कंटाळवाणं आहे, पण मला याच एका गोष्टीचा उपयोग झाला.

मग हात. डावी मूठ कमरेपासून निघते ती बरगड्यांना घासत. गीचं, म्हणजे कराटेच्या पोशाखाचं, कापड खसखसलेलं ऐकू आलं पाहिजे. मूठ लांबून फिरवलीत तर फटका समोरच्याला आधीच दिसतो. तळवा खाली वळायचा तो अगदी शेवटी. पुढचा हात जमिनीला समांतर, कोपर छातीच्या उंचीवर. उजवा पंजा टाळी द्यायला धावत येत नाही, तो समोरच्याचं डोकं धरून ओढल्यासारखा आत येतो. ‘फट्ट’ आवाजावर खूश होऊ नका. आवाज टाळीचाही येतो, आणि कोपर मागे राहून पंजाच त्यावर आपटला तरी येतो. परीक्षेत तो छान वाटतो, एवढंच.

लागायचं कुठे? टोकाने नाही. टोकापासून दोन बोटं मुठीकडे, पुढच्या हाताच्या हाडावर. मी माकिवारावर टोकानेच मारायचो. आधी करंगळीपर्यंत झिणझिण्या यायच्या, मग एके दिवशी कोपरावर लिंबाएवढी पाण्याची पिशवी आली. महिनाभर टेबलावर हात टेकवता येईना. माकिवारा म्हणजे गवती दोर गुंडाळलेली लवचीक फळी. ती मुळात मुठीसाठी आहे. कोपर हलकंच मारा, एका बाजूला दहा पुरे. सुरुवातीला जोडीदाराने धरलेलं पॅड त्याहून बरं.

उजव्या कोपराला वेगळं काही नाही, काता पुढे आरशासारखा उलटतो. स्टूल तेवढं दुसरीकडे न्या.

गोजू-र्यू शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांच्या गेकिसाई दाई इचीत, म्हणजे १९४० सालच्या कात्यात, समोरच्या लाथेनंतर कोपर येतं. तिथे पाय टेकायच्या आधीच ते सुटतं आणि माणूस पुढे कलंडतो. पाय टेकला, गुडघा स्थिरावला, मग कोपर. सावकाश करताना हे तीन वेगळे दिसले तरी चालतील.