चायनीज शिकताय ना, मग पिक्चर-सिरीयलवर गप्पा मारायला शिका

चायनीज शिकणारे बरेच जण सिरीयलचे चाळीस-चाळीस भाग सबटायटल लावून संपवतात आणि मग कोणी विचारलं कशी होती तर "हन हाओखान", म्हणजे मस्त होती, एवढंच बोलून गप्प. माझं म्हणणं, बघा कमी आणि बोला जास्त.

आधी काय बघायचं ते ठरवा. राण्यांच्या भांडणांच्या, राजवाड्यातल्या सिरीयल दिसायला झकास पण भाषा सगळी दरबारी, बाजारात जाऊन तसं बोललात तर लोक हसतील. सुरुवातीला आजकालच्या शहरातली, घर-ऑफिसची गोष्ट घ्या. हाँगकाँगचा पिक्चर असेल तर ऑडिओ चेक करा, तो बऱ्याचदा कँटोनीज, म्हणजे तिकडच्या वेगळ्या चिनी बोलीत असतो आणि क्लासमध्ये आपण शिकतो मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, मग काहीच कळलं नाही म्हणून उगाच खचायचं नाही. मेनलँडच्या, म्हणजे हाँगकाँग सोडून मुख्य चीनच्या सिरीयलमध्ये चिनी अक्षरं बहुतेक खाली छापलेलीच असतात, आणि बऱ्याच ठिकाणी आवाज डबिंगवाल्यांचा असतो त्यामुळे उच्चार स्वच्छ ऐकू येतात.

आता पद्धत. फक्त दहा मिनिटांचा तुकडा घ्यायचा, एकदा अक्षरं वाचत बघायचा, एकदा खाली कागद लावून अक्षरं झाकून, आणि लगेच मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत काय झालं ते सांगायचं. मग मत द्यायचं. "वो च्वेद" म्हणजे मला वाटतं, पण तिथे थांबलात तर उपयोग नाही, पुढे "यिनवेइ" म्हणजे कारण, हे आलंच पाहिजे. कारण सांगायला गेलं की हीरो, कथा, शेवट, ॲक्टिंग सगळे शब्द आपोआप लागतात. नंतर "स्वेइरान… तानश्र…", म्हणजे जरी… तरी…, लावा, स्टोरी साधी आहे तरी ॲक्टिंग भारी, असलं काहीतरी.

उच्चाराचं एक, पिनयिन म्हणजे चायनीज इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत, त्यातला बी हा आपल्या प सारखा, पी म्हणजे फळातला फ, डी म्हणजे त, टी म्हणजे थ, आणि झेड जवळपास चमच्यातला च. इंग्रजी मीडियमवाले इथेच घसरतात, आपल्याला हे फुकटात मिळालंय. फक्त टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, देवनागरीत दिसत नाहीत म्हणून वहीत पिनयिन टोनच्या खुणांसकट लिहा.

विषय सुचत नसेल तर नाशिककरांकडे तयार आहे की! दादासाहेब फाळके 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्मले, पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, क्लासच्या ग्रुपने रविवारी तिथे जाऊन बोलायची प्रॅक्टिस करा. "था श्र यिन्तू त्येनयिंग च्र फू", ते भारतीय सिनेमाचे जनक. मग तुलना करा, 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, आणि चीनचा पहिला पिक्चर समजतात तो 1905 चा, बीजिंगमधला, त्यात पेकिंग ऑपेराचे, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचे प्रसंग होते. तिकडे ऑपेरा, इकडे पुराणकथा, दोन्हीकडे लोकांना आधीच माहीत असलेली गोष्ट पडद्यावर आली, यावर पाच मिनिटं तरी आरामात बोलता येतं.

समोर चिनी माणूस असेल तर सरळ 'दंगल' काढा. तो तिकडे 2017 मध्ये लागला आणि भारतापेक्षा जास्त कमाई तिकडे झाली, चिनी नाव "श्वाइच्याओ पा, पापा". तिथल्या प्रेक्षकांमध्येच वाद झाला की बापाने आपलं स्वप्न पोरींवर लादलं की काय. तुम्ही पण वाद घाला! "पू यीतिंग", असंच असेल असं काही नाही, किंवा "वो पू थाइ थोंगयी", मला तितकंसं पटत नाही, हे दोन पाठ करा. नुसतं हो हो केलं की गप्पा दोन मिनिटांत संपतात.

आणि एखाद्याने अजून बघितलं नसेल तर तो "प्ये च्युथोउ" म्हणेल, म्हणजे शेवट फोडू नको, तेव्हा गपचूप विषय बदलायचा.