एव्हर्ग्लेड्समध्ये कयाकने आठ दिवस: आखणी पाण्यापासून सुरू करा

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला, एव्हर्ग्लेड्स सिटी ते फ्लेमिंगो असा ९९ मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा, एव्हर्ग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातून जाणारा वाइल्डरनेस वॉटरवे नावाचा जलमार्ग आहे. सगळा रस्ता खारफुटीतून, खाड्या आणि उथळ उपसागरांतून जातो. वल्हवत जायचं तर किमान आठ दिवस हाताशी हवेत. हंगाम डिसेंबर ते मार्च. उन्हाळ्यात डास आणि विजा असतात, शिवाय जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ.

नकाशा उघडण्याआधी पिण्याच्या पाण्याचा हिशेब करा. वाटेत कुठेही गोडं पाणी मिळत नाही, आणि साध्या फिल्टरने मीठ निघत नाही. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. आठ दिवस आणि वादळी वाऱ्याने अडकलात तर वरचे दोन, असे दहा दिवस धरले तर ३८ लिटर होतात. एवढं ३८ किलो वजन पहिल्या दिवशी नावेत असणार. म्हणून घरीच सगळं भरून, जवळच्या पाण्यात नाव एकदा चालवून बघा. कॅन सीटच्या मागेपुढे, तळाशी आणि मध्यावर ठेवा. टोकांना ठेवलेत तर नाव वळताना जड जाते. एका मोठ्या पिंपापेक्षा गॅलनाचे दहा टणक कॅन बरे, एक फुटला तर नऊ उरतात. मऊ पिशव्या नकोतच. किनाऱ्यावरच्या रॅकूनना गोड्या पाण्याचा वास लागतो आणि ते प्लास्टिक कुरतडतात. जेवणसुद्धा घट्ट झाकणाच्या टणक डब्यातच ठेवा.

मग मुक्काम ठरवा. उद्यानाच्या मुक्कामाच्या परवान्यावर प्रत्येक रात्रीची जागा नावानिशी लिहिलेली असते, त्यामुळे दिवसाचं अंतर आधीच पक्कं करावं लागतं. भरलेली कयाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते, समोरून वारा असेल तर त्याच्या निम्मंच. जागा तीन प्रकारच्या. कोरडी जमीन नाही तिथे चिकी असतात: पाण्यात रोवलेल्या खांबांवरची, छप्पर असलेली साधारण १० बाय १२ फुटांची लाकडी मचाणं. तिथे खुंटी ठोकता येत नाही, म्हणून स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू लागतो. दुसरी, आतल्या भागातली उंचवट्याची जमीन. तिथे डास जास्त. तिसरी म्हणजे बेटांची वाळू. तिथे वारा असतो, पण बहुतेक ठिकाणी शौचालय नसतं. १५ सेंटिमीटर खोल खड्डा खणून बुजवायचा. शेकोटीला परवानगी फक्त वाळूवर, म्हणून स्टोव्ह सोबत हवाच. तंबूची जाळी अगदी बारीक घ्या, कारण नो-सी-अम नावाची चावरी चिलटं साध्या मच्छरदाणीतून आत येतात.

आता भरती-ओहोटी. कोकणच्या खाडीत तीन-चार मीटरची भरती पाहिलेल्याला इथली साधारण मीटरभराची भरती किरकोळ वाटेल. पण तळ इतका उथळ आहे की तेवढ्यानेच वाट उघडते किंवा बंद होते. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ नदीच्या मुखाची असते. आत जाल तसं पाणी उशिरा चढतं, काही ठिकाणी तासांच्या फरकाने. त्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटला की उथळ उपसागरातलं पाणी बाहेर लोटलं जातं आणि तक्त्यात दाखवलंय त्याहून कमी पाणी मिळतं.

खरी परीक्षा ब्रॉड आणि हार्नी या नद्यांमधल्या ‘नाइटमेअर’ या चिंचोळ्या वाटेत होते. ओहोटीला शिरलात तर मुळांच्या जाळ्यात चिखलावर नाव बसते. उतरून ढकलायला पायाखाली घट्ट जमीन नसते, पुढची भरती येईपर्यंत तिथेच. ब्रॉड रिव्हरच्या मुक्कामावरून असे निघा की भरतीच्या शेवटच्या दोन तासांत तिथे पोचाल. नदीत थोडा वेळ प्रवाह अंगावर येईल, तो सोसावा. या दिवसाची वेळ आधी बसवा आणि बाकीचे मुक्काम तिच्या मागेपुढे मांडा. भरतीची वेळ जुळत नसेल तर दुसरी वाट बाहेरून, मेक्सिकोच्या आखातातून आहे. पण ती वारा पडलेला असेल तरच.

वाटेवरच्या खुणांचे आकडे फ्लेमिंगोकडून एव्हर्ग्लेड्स सिटीकडे वाढत जातात. एखादा खांब वादळात पडलेला असू शकतो, म्हणून जीपीएसबरोबर जलरोधक कागदी नकाशा आणि होकायंत्र ठेवा. बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, आणि मुक्कामांची यादी व परतायची तारीख घरच्यांकडे लिहून द्या.

पहिल्यांदाच जात असाल तर पूर्ण वाट नको. एव्हर्ग्लेड्स सिटीहून ‘रॅबिट की’ आणि ‘पॅव्हिलियन की’ या बेटांवर मुक्काम करून परत, असा छोटा फेरा करा. निघताना ओहोटी, परतताना भरती पकडा. बेटांमधल्या खिंडींत प्रवाह जोराचा असतो.

चिकीवर आधी सामान वर द्या, मग स्वतः चढा. नाव पुढून आणि मागून बांधा, पण दोर सैल सोडा. भरतीला आखूड बांधलेली कयाक ओहोटीला दोराला लटकते, कलते, आणि सकाळी आतलं सामान पाण्यात असतं.